नव्वद ते पंच्याण्णव

माझी लेक अडीच महिने आधी जन्माला आली तेव्हा दवाखान्यात सगळ्यात जास्त गोंधळ कोणी घातला असेल तर तो माझ्या सासऱ्यांनी. आमच्याकडे सासऱ्यांना मामंजी म्हणतात. पुण्याची माझी मावसबहीण हा शब्द ऐकून अजून हसते. पण झाशीत आमची जी थोडी मराठी घरं उरली आहेत, त्यांच्यात असे जुने शब्द चालूच असतात, कारण ते जुने झाले हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

मामंजी गरौठ्याच्या तहसिलीत नोकरी करून निवृत्त झाले होते. आता प्रेमनगरच्या घरात त्यांना काम उरलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांच्या कामात लक्ष घालत. दूध पातळ का आलं, शेजाऱ्याची स्कूटर गल्लीत आडवी का लावली, सगळ्याची चौकशी. सासूबाई म्हणायच्या, "यांना कोणीतरी घरातच एक कचेरी उघडून द्या, म्हणजे मला जरा आराम मिळेल."

आणि मग त्यांना खरंच काम मिळालं.

थंडीचे दिवस होते. मी सिंचाई खात्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. एका दुपारी टाईप करता करता अक्षरांभोवती काजवे चमकायला लागले. पाय तर आठवडाभर सुजलेलेच होते, मी नवऱ्याच्या चपला घालून ऑफिसला जात होते. ऑफिसातल्या एका बाईंनी मला रिक्षात घालून सरळ डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टर म्हणाल्या, बाळाला आता आत ठेवण्यात दोघांनाही धोका आहे. संध्याकाळपर्यंत सिझेरियन झालंसुद्धा. मुलगी सव्वा किलोची. सासूबाई नंतर सगळ्यांना सांगत, "अहो, एवढं तर दिवाळीला घरात खोबरं येतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला चाकाच्या खुर्चीत बसवून नवजात बाळांच्या विभागात नेलं. बाहेर मफलर गुंडाळून फिरायची थंडी आणि आत चैत्रासारखी ऊब. माझी मुलगी एका तापवलेल्या पाळण्यात होती. डोक्यावर विणलेली टोपी, आणि नाकात दोन इवल्या नळ्या. त्या नळ्या पुढे एका पाण्याच्या बाटलीत गेल्या होत्या आणि बाटलीत सारखे बुडबुडे येत होते. पायाच्या तळव्याला एक पट्टी गुंडाळली होती आणि त्यातून लाल उजेड दिसत होता. पाऊल एवढं पातळ की तो उजेड आरपार जात होता.

तिथली मोठी सिस्टर उंच, सडसडीत, कपाळावर आठी. पहिल्या नजरेत मला तिची भीतीच वाटली. पण तिनं माझी खुर्ची पाळण्याच्या अगदी जवळ लावली आणि हिंदीत, सावकाश, सगळं समजावलं. मुलीची फुप्फुसं अजून कोवळी आहेत, श्वास सोडला की ती मिटून जातात. म्हणून नाकातून हवेचा थोडा दाब सतत द्यायचा, म्हणजे ती उघडी राहतात.

"श्वास तीच घेतेय," सिस्टर म्हणाली. "आम्ही फक्त मदत करतोय."

पायाच्या पट्टीची तार वरच्या मॉनिटरला जोडली होती. त्यावर ब्याण्णव आकडा होता. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते हा आकडा सांगतो, एवढं मला कळलं.

"शंभर पाहिजे ना?" मी विचारलं.

"नाही. नव्वद ते पंच्याण्णव."

माझे टाके ओढत होते, डोकं जड होतं. का, ते विचारायचं मला सुचलंच नाही.

दोन दिवसांनी मी तिथे एका स्टुलावर बसायला लागले. पहिल्याच सकाळी मॉनिटर किंचाळायला लागला. आकडा पासष्ट. मी अशी ओरडले की समोरच्या पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. सिस्टर आली. तिनं मॉनिटरकडे पाहिलंच नाही, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं. मग तिच्या पायाची सुटलेली पट्टी पुन्हा नीट गुंडाळली. आकडा परत ब्याण्णव.

"ओठ गुलाबी आहेत, छाती हलतेय," ती म्हणाली. "पट्टी सुटली होती. पुढच्या वेळी आधी मुलीला बघा, मग ओरडा."

मी मान डोलावली, पण मनातून मला त्या मशीनशिवाय कशाचाच भरवसा वाटत नव्हता. मी दिवसभर आकडा बघत बसायचे. सासूबाईंनी डब्यात पाठवलेला डिंकाचा लाडू हातात, तोंड उघडं, आणि नजर वर.

आता मामंजी. त्या विभागात आईशिवाय कोणाला येऊ देत नसत. बाहेरच्या गॅलरीत मोठी काच होती आणि संध्याकाळी थोडा वेळ तिचा पडदा उघडत. मग सगळे आजोबा, मामा, काका काचेला नाक लावून उभे. मामंजी सगळ्यांत पुढे. माझ्या मुलीचा मॉनिटर काचेतून बरोबर दिसायचा. आपल्या तिन्ही मुलांच्या शाळेत जाऊन मार्क तपासणारा हा माणूस, त्यांना एक आकडा मिळाला म्हटल्यावर काय विचारता.

"एक्क्याण्णव?" ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "काल ब्याण्णव होते. घसरली ना ही!"

नवऱ्यानं सांगून पाहिलं की तेवढेच पाहिजेत. मामंजींना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, दवाखान्यात ऑक्सिजनची काटकसर चालली आहे आणि आपला मुलगा भोळा आहे.

एका संध्याकाळी आकडा आपोआप चढायला लागला. पंच्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मी आतून बघत होते. काचेपलीकडे मामंजींचा चेहरा असा फुलला की बस. ते आजूबाजूच्या लोकांना बोट करून दाखवत होते. तेवढ्यात सिस्टर आली. हवा आणि ऑक्सिजन मिसळून देणारं एक यंत्र भिंतीला होतं, त्याचं बटण तिनं थोडं खाली फिरवलं. आकडा शहाण्णव झाला, मग चौऱ्याण्णव.

मामंजींनी काचेवर थाप मारली. एक नाही, चांगल्या चार-पाच. त्यांचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज काही आत येत नव्हता. पण काय म्हणत असतील ते मला सुनेला बरोबर समजत होतं. सिस्टरनं शांतपणे पडदा ओढून घेतला.

मामंजी तडक बाळांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं मलाही बोलावणं आलं. डॉक्टर वयानं माझ्याएवढीच असेल, पांढऱ्या कोटावर घरचा विणलेला स्वेटर घातलेला. मामंजी उभेच होते.

"मैडम जी, बच्ची अठ्ठानवे पर थी. आपकी सिस्टर ने घटा दिया. मैंने अपनी आँखों से देखा."

"आधी बसा अंकल," डॉक्टर म्हणाली. "आणि तिनं नसतं कमी केलं तर मी तिला रागावले असते."

मग तिनं टेबलावरचा कागद उलटा केला आणि त्यावर पेननं एक डोळा काढला. मागच्या पडद्यावर बारीक रेघा काढत गेली. ती जे म्हणाली ते साधारण असं. आईच्या पोटात बाळाला इतका ऑक्सिजन मिळतच नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या हळूहळू पसरत जातात, ते काम नऊ महिने भरेपर्यंत चालतं. ही लवकर आली, म्हणजे तिचं काम अर्धंच झालंय. आता आपण बाहेरून जास्त ऑक्सिजन दिला तर त्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते, वेड्यावाकड्या वाढतात. फार बिघडलं तर नजर जाऊ शकते. आणि कमी दिला तर मेंदूला, आतड्यांना इजा. म्हणून दोन्हीच्या मधला रस्ता, नव्वद ते पंच्याण्णव.

"म्हणजे हे औषधच झालं," मामंजी सावकाश म्हणाले.

"औषधच. आणि औषधाला मात्रा असते."

मामंजींनी तो कागदावरचा डोळा स्वतःकडे फिरवून पाहिला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सूनबाई, ती सिस्टर रोज सोळा वेळा ते बटण फिरवते आणि मी बाहेरून तिच्यावर ओरडतो. शोभतं का हे?"

बाहेर आल्यावर ते सिस्टरची वाट बघत दारात उभे राहिले. ती आली तेव्हा हात जोडले. "सिस्टर जी, मैंने शीशा ठोका. माफ करना."

"शीशा मजबूत है अंकल," ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

त्या दिवसापासून गॅलरीची सूत्रं मामंजींनी हातात घेतली. खिशात भाजलेल्या शेंगा, गळ्यात मफलर. नवीन कोणी घाबरलेला माणूस काचेशी आला की आधी मूठभर शेंगा त्याच्या हातावर, मग व्याख्यान. बबीन्याच्या छावणीतला एक जवान यायचा, त्याचा मुलगा माझ्या मुलीच्या शेजारच्या पाळण्यात होता. तरुण पोरगा, ताठ उभा राहायचा, पण मॉनिटरवरून नजर काढायचा नाही. त्याला मामंजींनी असं तयार केलं की आठवडाभरात तोच इतरांना सांगायला लागला.

गरौठ्याकडचा एक म्हातारा शेतकरी नातीला बघायला आला होता. त्याच्याशी मामंजी बुंदेलीत बोलले, तहसिलीत वर्षानुवर्षं बोलत तसं. मी तेव्हा जेवायला बाहेर आले होते, म्हणून मला ऐकायला मिळालं.

"काए बाबूजी, सौ में बानवे? मोडी बच जैहै?" म्हातारा विचारत होता. पोर वाचेल ना?

"बच जैहै, भैया. तुम चना में पानी कित्तो देत हौ?" हरभऱ्याला पाण्याच्या पाळ्या किती देता?

"एक. भौत भओ तो दो."

"और पाँच दै दए तो?"

"सड जैहै!"

"बस," मामंजी म्हणाले आणि त्याच्या हातावर शेंगा ठेवल्या.

घरी तर विचारूच नका. सकाळ-संध्याकाळ फोनवरून सगळ्या नातेवाइकांना आकडा जायचा. ग्वाल्हेरला त्यांची एक आत्या होती, नव्वदीच्या घरातली, कानांनी अधू. तिला मामंजींनी ओरडून सांगितलं, "आज त्र्याण्णव!" ती म्हणाली, "छान छान. गणितात का?"

असं हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण सगळंच तसं नव्हतं. एका सकाळी माझ्यासमोर मुलीचा श्वास थांबला. पट्टी जागेवर होती. छाती हलत नव्हती, ओठांभोवती निळसर झाक आली आणि आकडा भराभर उतरायला लागला. मी या वेळी नुसती ओरडले नाही, सिस्टरला हाक मारली. सिस्टरनं येऊन तिच्या तळव्यावर बोटानं टिचकी मारली, पाठ चोळली. मुलीनं एकदम अंग आखडलं आणि श्वास घेतला. आकडा वर आला.

"इतक्या लहान बाळांना श्वास घ्यायचं विसरायला होतं," डॉक्टर म्हणाली. "आठवण करून द्यावी लागते. त्यासाठीच औषध चालू आहे, कॉफीत असतं ना, तेच."

हे मी घरी सांगितलं आणि सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी बाळंतिणीला म्हणून माझा चहासुद्धा बंद केला होता. "मला एक घोट देत नाही तुम्ही," मी म्हटलं, "आणि नातीची कॉफी रोज चालू आहे." दुसऱ्या दिवशी डब्यात हरीरा, म्हणजे सुंठ-गुळाचा बाळंतकाढा, आणि थर्मासमध्ये अर्धा कप चहा आला.

त्याच आठवड्यात सिस्टर म्हणाली, आज मुलीला छातीशी घ्यायचं. मी घाबरले. नळ्या, तारा, ती पट्टी, या सगळ्यासकट कसं घेणार? तिनं मला आरामखुर्चीत बसवलं, मुलीला उचललं आणि माझ्या उघड्या छातीवर, दोन्ही बाजूंना बेडकासारखे पाय करून ठेवलं. वरून शाल. तिचं वजन जाणवतच नव्हतं, फक्त ऊब जाणवत होती. मी लगेच मान वळवून मॉनिटर बघितला.

सिस्टरनं सरळ त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अहो!"

"आवाज चालू आहे, मला ऐकू येतो. आकडा मी सांभाळते. तुम्ही मुलगी बघा."

मग मी बघितलं. एवढ्या दिवसांत मी तिला नीट पाहिलंच नव्हतं. भुवया म्हणजे जेमतेम एक सावली. उजव्या कानाची पाळी दुमडलेली, माझ्या नवऱ्यासारखी. श्वास घेताना आधी पोट वर यायचं, मग छाती. मध्येच तिनं सुस्कारा टाकला, अगदी म्हाताऱ्या माणसासारखा, आणि मला हसू फुटलं. तेवढ्या हसण्यानंही ती माझ्यावर वरखाली झाली.

बऱ्याच वेळानं सिस्टरनं मॉनिटर परत फिरवला. चौऱ्याण्णव. "सगळा वेळ इथेच होती," ती म्हणाली. "हलली नाही."

त्यानंतर ते रोजचं झालं. मुलगी दूध पचवायला लागली, वजन धरायला लागली. भिंतीवरचं बटण खाली खाली येत गेलं आणि एके दिवशी डॉक्टरनं नाकातल्या नळ्या काढल्या. दोन्ही गालांवर चिकटपट्टीचे लाल चौकोन उमटले होते, नाक थोडं फुगलेलं. पण पूर्ण चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. बुडबुड्यांची बाटली नेली तेव्हा तिथे इतकी शांतता झाली की मला चुकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी पडदा उघडला. मामंजी नेहमीच्या जागी. आणि मॉनिटरवर नव्व्याण्णव.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. काचेवर थाप मारायची नाही हे त्यांना पक्कं आठवत होतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि खाली, खाली, अशा खुणा सुरू केल्या. शेजारी बबीन्याचा जवानही तशाच खुणा करायला लागला. मागचे दोघेतिघेही. मी आतून बघत होते, पूर्ण गॅलरी हात खाली दाबत होती.

सिस्टर दार उघडून बाहेर गेली. मी मागोमाग गेले.

"सिस्टर जी, निन्यानवे!" मामंजी म्हणाले. "बटन! बटन घटाइए!"

"कौन सा बटन, अंकल? आता काही चालूच नाही. नाकात नळी दिसते का?"

मामंजींनी चष्मा पुसून परत काचेतून पाहिलं.

"आपण ऑक्सिजन देत होतो म्हणून मर्यादा होती," सिस्टर म्हणाली. "आता ती साधी हवा घेतेय, तुम्ही-आम्ही घेतो तीच. त्यात जेवढे येतील तेवढे येऊ द्या."

"म्हणजे हे नव्व्याण्णव..."

"तिचे स्वतःचे."

मामंजी गॅलरीतल्या बाकावर बसले. मफलरचं टोक डोळ्यांना लावलं. जवानानं, पहिल्यांदाच, स्वतःच्या खिशातल्या शेंगा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या.

एक गोष्ट राहिली होती, डोळ्यांची तपासणी. डोळ्यांचे डॉक्टर ठरलेल्या सकाळी आले. त्याआधी सिस्टरनं मुलीच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायला. डॉक्टरांनी कपाळाला दिवा लावला. मला म्हणाले, बघवणार नाही, बाहेर थांबा. मी म्हटलं, मी पाय धरते. मी दोन्ही पाय धरले, मुलगी रडत होती आणि मी फक्त तिच्या पावलांकडे बघत होते. एक डोळा, मग दुसरा. ते काही बोलेनात. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी वाईट सांगायला शब्द शोधतोय.

"रक्तवाहिन्या बरोबर रस्त्यानं चालल्या आहेत," ते दिवा बंद करत म्हणाले. "अजून पोचल्या नाहीत, पण वाट चुकलेल्या नाहीत. दोन आठवड्यांनी परत दाखवा."

बाहेर मामंजी होते. मी सगळं ठीक म्हणून मान डोलावली तेव्हा म्हणाले, "चल, आधी चहा पी. घरी सांगणार नाही मी." पुढे दोनदा आणखी तपासणी झाली आणि शेवटच्या वेळी डॉक्टर म्हणाले, पोचल्या, आता मला तोंड दाखवायचं कारण नाही.

पावणेदोन किलोची झाल्यावर आम्ही तिला घरी आणलं. सिस्टरनं तिला दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि पायाची पट्टी काढून टाकली. तळव्यावर तिचा फिकट वळ राहिला होता.

घरी पहिले दोन दिवस मामंजी कासावीस होते. पाळण्याशी येऊन विचारायचे, "आता किती असतील गं?" ते मशीन विकत मिळतं का, याची चौकशी करून आले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर 'नको' म्हणून साफ सांगितलं. सासूबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि त्यांना हाताला धरून पाळण्यापाशी आणलं.

"बघा. ओठ गुलाबी आहेत? दूध पितेय? रडतेय? मग तुम्हाला आणखी कोणता आकडा हवाय?"

मामंजींनी वाकून नीट पाहिलं. "पोट आधी हलतं, मग छाती," ते म्हणाले.

"तसंच हलतं लहान पोरांचं," सासूबाई म्हणाल्या.

त्या दुपारी अंगणात छान ऊन होतं. सासूबाईंनी खाट टाकली, मुलीला तेल लावून माझ्या कुशीत दिलं. त्या दोघांचं पलीकडे काहीतरी चाललं होतं, शाल आणू का, टोपी कुठे आहे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. किती तरी दिवसांत मी दिवसाउजेडी झोपले नव्हते. उठले तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं, आमच्या दोघींवर रजई होती आणि मुलगी अजून झोपलेली होती.